कांद्याचा भाव आणि गायीची लघवी

कांद्याचा भाव पडला की माझं टपाल वाढतं. पंधरा दिवसांनी येणारी पत्रं भाव पडल्या दिवशी मोजली तरी चालतील, इतका हा हिशेब ठरलेला आहे. यंदाही निम्म्याहून जास्त पत्रं चाळीतल्या कांद्याचीच आहेत. त्यातलं एक सविस्तर घेतो, बाकीच्यांनी आपलं उत्तर त्यातच शोधावं.

“डॉक्टरसाहेब, चाळीतला कांदा पाझरायला लागला. बाजारात न्यावा तर गाडीभाडंही सुटत नाही. म्हणून दोन गायींना सकाळ-संध्याकाळ पाटी भरून घातला, त्यांनीही आवडीनं खाल्ला. पाचव्या दिवशी एकीनं वैरण सोडली. लघवी काळसर लाल होते. शेजारी म्हणतात गोचिडताप आहे, इंजेक्शन मारून घ्या. तिचं वासरू दोन महिन्यांचं आहे. काय करू?” — एक शेतकरी, विंचूर, ता. निफाड

आधी कांदा बंद करा. दुसऱ्या गायीचाही, ती टुणटुणीत दिसत असली तरी.

कांद्याला ज्यामुळे वास येतो आणि आपल्या डोळ्यांत पाणी येतं, ते गंधकाचे पदार्थ. गायीच्या कोठीपोटात त्यांचं रूपांतर होतं आणि ते रक्तातल्या तांबड्या पेशींवर उठतात. पेशी फुटतात, आतला लाल रंग रक्तात मोकळा होतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. लघवीत दिसतो तो हा रंग. जखम झाल्यासारखं रक्त वाहत नसतं. खात्री करायची असेल तर काचेच्या पांढऱ्या बाटलीत लघवी धरा आणि तासभर न हलवता ठेवा. रक्त असेल तर तळाशी लाल थर बसेल आणि वर पाणी निवळेल. सगळी बाटली कोऱ्या चहासारखी एकसारखी राहिली, तर पेशी आतच फुटलेल्या आहेत.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं. ते अगदीच चुकीचं नाही, गोचिडतापातही लघवी अशीच होते. पण गोचिडतापाच्या गायीला थर्मामीटर लावला तर तो साधारण 104 ते 106 फॅरनहाइटवर जातो. कांदा खाल्लेल्या गायीला सहसा ताप नसतो, आणि तिच्या तोंडाशी नाक नेलंत तर भजीच्या गाडीशेजारी उभं राहिल्यासारखं वाटेल. तिसरं कारण स्फुरदाच्या कमतरतेचं. ते दुभत्या गायीला व्याल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गाठतं. तुमचं वासरू दोन महिन्यांचं, म्हणून मी त्याला मागे ठेवतो, पण यादीतून काढत नाही. या तिघांचा निवाडा कानाच्या शिरेतला रक्ताचा एक थेंब करतो. तो काचपट्टीवर ओढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. गोचिडतापाचा जंतू पेशीच्या आत जोडीजोडीनं बसलेला दिसतो. कांद्याच्या विषबाधेत पेशीच्या कडेला बारीक गाठ दिसते, तिला आमच्याकडे हाइन्झ बॉडी म्हणतात. काचपट्टी न बघता गोचिडतापाचं इंजेक्शन टोचू नका, टोचू देऊ नका. आधीच रक्त उतरलेल्या गायीला ते झेपेलच असं नाही.

खालची पापणी ओढून बघा. आतला भाग गुलाबी असेल तर सावली, पाणी, हिरवा चारा आणि विश्रांती यांवर गाय सावरते. तो पांढराफटक असेल, गाय उभी राहायला नको म्हणत असेल, तर दुसऱ्या निरोगी गायीचं रक्त चढवावं लागतं. ते गोठ्यातही करता येतं. अशी गाय दवाखान्यात चालवत नेऊ नका, वाटेत बसली तर उठायची नाही. 1962 या क्रमांकावर फोन करा, फिरतं पथक मागवा.

आता पुढच्या वर्षीसाठी, कारण भाव पुढच्या वर्षीही पडणार आहे. पुस्तकं म्हणतात, गायीच्या एकूण कोरड्या आहाराच्या चौथ्या हिश्शापर्यंत कांदा चालतो. कागदावर हे बरोबर आहे. पण कांद्यात जवळजवळ 90 टक्के पाणी, त्यामुळे हिशेब केला तर आकडा वीस किलोंच्या वर जातो, आणि शेतकरी तेवढाच लक्षात ठेवतो. बाकीचा तीन हिस्से चारा मात्र उन्हाळ्यात गोठ्यात नसतो. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना पाच किलोंच्या वर जाऊ देत नाही. तोही चिरून, कडब्याच्या कुट्टीत मिसळून, हळूहळू वाढवत. बुरशी धरलेला, काळा पडलेला कांदा उकिरड्यावर. मेंढी कांद्याला गायीपेक्षा बरीच दणकट आहे. घोडा आणि कुत्रा मात्र नाही. आणि दुधाला कांद्याचा वास येतो म्हणून डेअरीनं कॅन परत पाठवला, असं जे दोघांनी लिहिलंय, त्यांना एवढंच सांगतो की डेअरीनं तुमच्या गायीवर उपकार केले.

“आमच्या लॅब्राडॉरनं दिवाळीत चिवड्यासाठी आणलेला मनुकांचा पुडा फस्त केला. रात्री दोनदा ओकला, सकाळी खेळायला लागला. नाशिकमध्ये राहून द्राक्षाला विष म्हणायचं म्हणजे अतीच नाही का?” — एक वाचक, गंगापूर रोड

अती वाटतं खरं. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो तेव्हा आमच्या विषशास्त्राच्या वहीत धोतरा होता, कण्हेर होती, द्राक्ष नव्हतं. कुत्र्यांची मूत्रपिंडं द्राक्षांनी आणि मनुकांनी निकामी होतात हे पशुवैद्यांच्या ध्यानात आलं ते या शतकाच्या सुरुवातीला. नेमकं कशानं, हे पुढची वीस वर्षं कोडंच होतं. 2021 च्या सुमाराला अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांना धागा सापडला, तोही द्राक्षात नव्हे. घरी मळलेल्या खेळण्याच्या पिठाचा गोळा खाऊन एका कुत्र्याची अवस्था हुबेहूब द्राक्ष खाल्ल्यासारखी झाली होती. त्या पिठात क्रीम ऑफ टार्टर होतं, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. द्राक्षातही हेच आम्ल असतं. आणि आपल्या आमटीतल्या चिंचेतही भरपूर. चिंच खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांच्या नोंदी त्यांनी मग मुद्दाम काढून पाहिल्या, त्या जुळल्या. आज संशयाची सुई टार्टारिक आम्लावर आहे.

म्हणून “शेजारच्या मळ्यातला कुत्रा रोज घड खातो, त्याला काही होत नाही” हा दाखला कामाचा नाही. घडाघडात आम्ल कमीजास्त असतं, किती खाल्ल्यावर बाधेल ते सांगता येत नाही, आणि मनुकांत ते आटून दाट झालेलं असतं. सकाळी खेळतोय यावरही जाऊ नका. ओकारी पहिल्या दिवसाची, मूत्रपिंडाचा त्रास एक ते तीन दिवसांनी वर येतो. लघवी किती वेळा करतो ते मोजा, आणि आजच रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, परवा पुन्हा. खाल्ल्याखाल्ल्या आणला असता तर ओकारी काढून काम भागलं असतं. आता सलाइन हाच खरा इलाज. घरी मीठ पाजून ओकारी काढायला कोणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका, मिठानं वेगळंच दुखणं मागे लागतं.

“ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर बागेत मेंढ्या बसवल्या. पाला त्यांनी खाल्ला, लेंडीखत आम्हाला मिळालं. तीन आठवड्यांनी मेंढपाळ परत आला, म्हणतो पाच मेंढ्या मेल्या, तुमच्या फवारणीनं मेल्या, भरपाई द्या. फवारणी बोर्डोची होती, जहाल औषधाची नाही. तीन आठवड्यांनी विष चढतं का?” — एक द्राक्ष बागायतदार, ता. दिंडोरी

चढतं. नेमकं हेच विष असं चढतं.

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचूद म्हणजे तांबं. गायीचं यकृत जास्तीचं तांबं बऱ्यापैकी बाहेर टाकतं, शेळीलाही ते मेंढीपेक्षा बरं सोसतं. मेंढीचं यकृत मात्र कंजूष सावकारासारखं साठवत जातं. आठवडेच्या आठवडे काही दिसत नाही, मेंढी चरते, चालते. मग एखादी लांब वाटचाल, अवकाळी पाऊस, चाऱ्याची ओढ असं काही निमित्त होतं, आणि यकृत सगळा साठा एकदम रक्तात सोडतं. तांबड्या पेशी फुटतात, डोळे पिवळे होतात, लघवी काळी होते, एक-दोन दिवसांत मेंढी जाते. बाग सोडून कळप पार दुसऱ्या तालुक्यात गेल्यावर हे घडतं, म्हणून कोणाला बागेची आठवण येत नाही. तुमच्या मेंढपाळाला आली. तो हुशार आहे.

पण त्याचंच खरं असंही मी इथे बसून म्हणणार नाही. कीटकनाशकाची बाधा असती तर लाळ, थरथर, झटके हे काही तासांतच झालं असतं, तेव्हा ते बाजूला ठेवू. दुसरा प्रश्न त्याला विचारा: कळपाला क्षार-मिश्रण कोणतं देतो? गायींसाठीचं क्षार-मिश्रण मेंढ्यांना घालणारे बरेच आहेत, आणि त्यात तांबं असतं. पाला आणि मिश्रण मिळूनही माप भरू शकतं. मेलेली मेंढी उघडून पाहिली असती तर पिवळं यकृत आणि निळसर काळी मूत्रपिंडं बोलली असती. पाचही पुरल्या असतील तर आता वाद पुराव्याशिवायचा आहे. यापुढे कळपातली एखादी मेली तर त्याच दिवशी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या. यकृताचा एक तुकडा बर्फात, एक दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये. पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाला तो कसा पाठवायचा ते अधिकारी सांगतील. उरलेल्या मेंढ्यांना वाचवायची औषधं आहेत, अमोनियम मॉलिब्डेट आणि सोडियम सल्फेट, पण ती मापून द्यायची असतात, मुठीनं नाही.

माझं वैयक्तिक मत विचारलंत तर अर्धी भरपाई द्या. मेंढ्या बसवण्याआधी काय फवारलं ते तुम्ही सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही.

आता काही तुकडे. येवल्याच्या वाचकांना: बैलाच्या कानातला पिवळा बिल्ला पडला तर नवा मारून घ्या, आणि जुना बारा अंकी क्रमांक नव्याशी जोडून नोंदवायला सांगा, नाहीतर आधीच्या लसींची नोंद अनाथ होते. 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय बाजारात खरेदी-विक्री नाही, हा नियम कोणा व्यापाऱ्यानं काढलेला नाही. चांदवडच्या ताईंना: लम्पी माणसाला होत नाही, दूध उकळून बिनधास्त प्या. आजार चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमुळे पसरतो, म्हणून लस पावसाळ्याच्या तोंडावरच घ्यावी, गाठी उठल्यावर नाही. ओझरच्या भाऊंना: सांसर्गिक गर्भपाताची लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला, आयुष्यात एकदाच. गाभण गायीला नाही, पाड्याला नाही. आणि टोचणाऱ्याच्या हातात हातमोजे नसतील तर त्याला परत पाठवा. ती जिवंत लस आहे, सुई माणसाच्या बोटात गेली तर तापानं तोच अंथरूण धरतो.

“सर, मी शिरवळहून पदवी घेऊन यंदाच पेठ तालुक्यात रुजू झाले. इथे दुकानदार निमेसुलाइडचं इंजेक्शन अजून देतो, म्हणतो साठा संपू दे. मेलॉक्सिकॅम लिहिलं तर लोक म्हणतात मॅडमना काही कळत नाही. इथे एकटीनं नवीन काय चाललंय ते कळायचं कसं?” — एक पशुवैद्य

तुझं पत्र शेवटी ठेवलं, कारण त्याचं उत्तर माझ्या अंगाशी येतं.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर जनावरांसाठी डायक्लोफिनॅक आलं तेव्हा मी त्र्यंबकच्या पट्ट्यात होतो. काय औषध होतं! लंगडणारा डांगी बैल संध्याकाळी चालायचा, सुजलेल्या कासेची गाय पान्हवायची. स्वस्त होतं, आणि माझी कीर्ती झाली. जी जनावरं तरीही मरायची ती गावाबाहेर ओढून टाकायचे. ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या कड्यांवरून गिधाडं उतरायची, दोन तासांत सांगाडा. मग ती उतरेनाशी झाली. आम्ही म्हणायचो, जंगल तुटलं, दुसरं काय. 2004 मध्ये पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरचा शोधनिबंध आला. गिधाडांच्या मूत्रपिंडांत युरिक आम्ल साचलेलं होतं, आणि कारण होतं त्यांनी खाल्लेल्या मृत जनावरातलं डायक्लोफिनॅक. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त घटली. त्यातली किती माझ्या सुईची, ते मोजता येत नाही.

तुझ्या दुकानदाराला ही यादी दाखव. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी 2006 पासून बंद. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचत होते, म्हणून 2015 मध्ये कुपी 3 मिलिलिटरवर आणली. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक जुलै 2023 मध्ये बंद. ॲसिक्लोफिनॅकचं तर गायीच्या अंगात डायक्लोफिनॅकच होतं, म्हणजे नाव बदललेला तोच पाहुणा. निमेसुलाइड 2024 च्या डिसेंबरअखेर बंद. ही बंदी विक्रीवरही आहे, “साठा संपू दे” याला त्यात जागा नाही. मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फिनॅमिक आम्ल ही दोन गिधाडांना निर्धोक ठरलेली आहेत. मेलॉक्सिकॅमला लोक हलकं म्हणतात ते बहुतेक वेळा मात्रा कमी पडते म्हणून. वजन अंदाजानं धरू नकोस, छातीचा घेर फितीनं मोज. एकदा पुरी मात्रा देऊन दुसऱ्या दिवशी स्वतः बघायला जा. मॅडमना कळतं की नाही ते बैलच गावाला सांगेल.

एकटीनं कसं कळायचं? बंगळूरची निवेदी ही संस्था जनावरांच्या साथींचा जिल्हावार अंदाज आधी देते, तो दर महिन्याला वाचत जा. मर्क यांची पशुवैद्यकाची मोठी संहिता फोनवर फुकट उघडते. मी अजून रोज एक पान वाचतो, आणि महिन्यातून एकदा तरी माझीच जुनी चिठ्ठी आठवून ओशाळतो. औंधला नमुना पाठवलास की अहवालाची वाट बघत बसू नकोस, तिथल्या माणसाला फोन कर. अहवालात चार ओळी असतात, फोनवर तो त्याच रोगाच्या मागच्या दहा केसेस सांगतो.

आणि तुझ्या शेजारच्या तालुक्यात, हरसूलजवळ खोरीपाड्याला, वन विभागानं गावकऱ्यांना घेऊन गिधाडांसाठी खाद्य टाकायची जागा केली आहे. कधीतरी पेठच्या एखाद्या पाड्यावरून तुला विचारतील, मेलेली गाय तिकडे नेऊ का. हो म्हणण्याआधी गेल्या आठवड्यात तिला काय टोचलं ते विचार. “दुखण्याचं दिलं” एवढ्यावर गाडी हलू देऊ नकोस. रिकामी बाटली आणायला सांग, आणि नाव स्वतः वाच. बाटली सापडली नाही तर गाय पुरायला लाव.