मार्केटिंग म्हणजे माल विकायचा का?

"बीएमएस झाला, आणि आता दुकानोदुकानी फिरून माल विकणार?" मुलुंडच्या एका आईने परवा मला विचारलं. मुलगा शेजारीच मान खाली घालून बसला होता. हाती आलेली जागा सेल्सची होती, घरी त्याने 'मार्केटिंगमध्ये' असं सांगितलं होतं.

खोटं त्याच्या एकट्याचं नाही. जाहिरातीत 'मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह' छापलेलं असतं आणि काम बहुतेक वेळा विक्रीचंच निघतं. ठरलेल्या बीटवर रोज तीस-चाळीस दुकानं करायची, ऑर्डर काढायची, नवी स्कीम समजावायची, एक्स्पायरी मालाच्या क्लेमवरून शेठची बोलणी खायची. जूनमध्ये घाटकोपरच्या गल्ल्यांतून हे करताना बूट आणि उत्साह दोन्ही भिजतात. पण कोणता माल का उठतो आणि कोणता पडून राहतो, हे इथे जितकं कळतं तितकं वर्गात कळत नाही. चकाल्याला मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरमध्ये मोठमोठ्या संस्थांतून एमबीए होऊन आलेल्या प्रशिक्षणार्थींनाही आधी विक्रीत काही महिने काढावे लागतात.

आणि आपल्याकडे हे नवं थोडंच आहे? केशव विष्णू पेंढरकरांनी 1952 मध्ये परळला विको सुरू केली, तेव्हा ते आणि त्यांची मुलं दंतमंजन घेऊन दारोदार जात. टीव्हीवरच्या जाहिराती फार पुढच्या. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. घरचा मुलगा बॅग घेऊन निघाला की मात्र ती आठवत नाही.

पालकांनी काळजी करावी ती वेगळ्याच गोष्टींची. पगार नक्की कोण देणार? मोठ्या ब्रँडचं काम असतं, पण नेमणूक पुष्कळदा मधल्या एजन्सीच्या नावावर होते. तेव्हा ऑफर लेटरवर कोणाचं नाव आहे, ठरलेला पगार किती आणि कमिशन किती, पीएफ कापणार का, प्रवासभत्ता वेगळा की त्यातच, हे रुजू होण्याआधी लेखी घ्यावं. नोंदणी, किट किंवा ट्रेनिंगसाठी आधी पैसे भरायला सांगितले, तर चहासुद्धा न घेता उठावं.

दुसरं दार डिजिटलचं. अंधेरी-मालाडच्या लहान एजन्सींत नवख्याला पोस्ट लिहिणं, इन्स्टाग्राम-गुगलच्या जाहिराती लावणं, महिनाअखेर रिपोर्ट बनवणं असं काम मिळतं. त्यासाठी हजारो रुपयांचा क्लास लावण्याआधी गुगल स्किलशॉप आणि हबस्पॉट अकॅडमी बघा. दोन्हीकडे फुकट शिकता येतं, प्रमाणपत्रही मिळतं. मात्र प्रमाणपत्र सगळेच घेऊन येतात. बोरिवलीत फराळाच्या ऑर्डरी घेणारी मावशी असेल, तर दिवाळीत तिची जाहिरात चालवून बघा. पाचशे रुपये खर्चले, ऑर्डरी किती आल्या, फोटो बदलल्यावर किती वाढल्या. एवढा हिशेब वहीत असला की मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं. कॉलेजच्या फेस्टिव्हलसाठी प्रायोजक मिळवलेत? तेही बायोडाटात वर घ्या. दहा नकार ऐकून अकरावं दार वाजवणं हाच या धंद्याचा पहिला पेपर.

पुढे एमबीए करावं का? करावं, पण शक्यतो दोन वर्षं बाजार बघून. अजून बारावीत असाल तर इतकंच लक्षात ठेवा, की एआयसीटीईची मान्यता असलेल्या बीएमएस-बीबीएसाठी 2024 पासून राज्याची सीईटी आहे. अर्जाची तारीख चुकली की वर्ष हातचं जातं.

एका गोष्टीकडे मराठी मुलं दुर्लक्ष करतात. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत काउंटरपलीकडे पुष्कळदा गुजराती माणूस असतो. लहानपणापासून शेजारपाजारी कानावर पडलेलं गुजराती तिथे कामाला येतं. मोडकंतोडकं चालतं, शेठ हसतो आणि ऑर्डर मोठी होते.

त्या आईला मी एवढंच सुचवलं, की रुजू होण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलाला तासभर घराखालच्या वाण्याच्या दुकानात उभं राहू द्या. कोणता पाऊच दर्शनी टांगलाय, गिऱ्हाईक साबण नाव घेऊन मागतं की नुसतं 'दहावाला द्या' म्हणतं, हे त्याने टिपावं. त्यावर मुलगा पहिल्यांदाच बोलला. "दहावालाच मागतात," तो म्हणाला, "आणि आमचा वाणी ज्यात त्याला जास्त सुटतात तोच देतो."