लाटेक शिकायला घेताना आधी साल बघा

चांदवडला अकरावी-बारावीला गणित शिकवताना मराठीतून सरावपुस्तिका काढायचं ठरवलं. वर्डमध्ये समीकरणं लिहिता लिहिता जीव मेटाकुटीला येतो, म्हणून लाटेककडे वळलो. एका परिचितांनी जुनी पीडीएफ दिली. तिच्यातली मराठीची पद्धत अशी : मजकूर रोमन अक्षरांत टाइप करायचा आणि ‘देवनाग’ नावाच्या प्रोग्रॅममधून काढायचा. छापलेली पानं देखणी आली. पुढच्या वर्षी मात्र तोच मजकूर मुलांना मोबाइलवर पाठवायचा, त्यात भर घालायची म्हटल्यावर सगळं देवनागरीत नव्याने टाइप करावं लागलं. दिवाळीची सुट्टी त्यातच गेली.

त्या पीडीएफमधलं काही चुकीचं नव्हतं. फ्रान्स व्हेल्थुइस यांनी ही सोय केली १९९१ मध्ये, तेव्हा युनिकोड नुकतंच येत होतं. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचं झीटेक आलं आणि देवनागरी मजकूर थेट देता येऊ लागला. पीडीएफवर साल असतं, तर हे तेव्हाच कळलं असतं.

साल नसेल तर आतलं गणित बघा. ओळीखाली ओळ समीकरणं मांडायला ‘इक्वनॲरे’ शिकवलं असेल, तर ते साहित्य बाजूला ठेवा. त्यात बरोबरच्या चिन्हाभोवती वाजवीपेक्षा जास्त जागा सुटते. आता ‘एएमएसमॅथ’मधलं ‘अलाइन’ वापरतात.

इंग्रजीची धास्ती असणाऱ्या मुलांना मी आधी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधले लाटेकचे मराठी धडे देतो. व्हिडिओ थांबवायचा, आपल्या संगणकावर तसंच करून बघायचं, मग पुढे जायचं. नुसतं बघून हात बसत नाही.

नंतर टेक लाइव्ह हा लाटेकचा संच पूर्ण उतरवून घ्या. कमांड लाइनवर ‘टेक्सडॉक’ आणि पुढे पॅकेजचं नाव टाइप केलं, की त्याची माहितीपुस्तिका उघडते, नेट बंद असलं तरी. टोबियास ओटिकर यांचं नवशिक्यांसाठीचं पुस्तकही ‘एलशॉर्ट’ या नावाने तिथेच आहे.

मराठीची मेख वेगळी. झीटेकमध्ये फाँट सांगताना ‘स्क्रिप्ट=देवनागरी’ लिहायचं राहिलं, की ‘विद्यार्थी’ शब्दातली पहिली वेलांटी ‘व’च्या पुढे जाऊन पडते आणि ‘द्य’ फुटतो. इथे बरेच जण फाँटला दोष देऊन नवनवे फाँट उतरवत बसतात. फाँट बदलू नका, ती ओळ तपासा.

आणि तुमच्या नोट्स कुणाला द्याल, तेव्हा पहिल्याच पानावर साल आणि टेक लाइव्हची आवृत्ती लिहून द्या.