हृदयाच्या झडपा

लोहाराचा भाता ज्यानें नीट पाहिला असेल, त्यास हृदयाचें काम समजावयास कठीण जाणार नाहीं. भात्यास कातड्याची एक झडप असते. भाता उघडला म्हणजे ती हवा आंत घेते. दाबला म्हणजे ती मिटते, व हवेस भट्टीवांचून दुसरी वाट राहात नाहीं. झडप फाटली, तर कितीही जोर केला तरी विस्तव फुलत नाहीं.

आपलें हृदय मुठीएवढें असून त्यांत चार कप्पे व चार झडपा आहेत. उजवी बाजू शरीरांतून परत आलेलें रक्त फुप्फुसांकडे पाठविते. डावी बाजू तेथून शुद्ध होऊन आलेलें रक्त सर्वांगास पोंचविते. प्रत्येक बाजूस एक झडप वरच्या व खालच्या कप्प्यांमध्यें आणि दुसरी बाहेर जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या तोंडाशीं असते. खालचा कप्पा आवळला म्हणजे रक्ताच्या दाबानेंच मधली झडप मिटते व बाहेरची उघडते. तो सैल पडला म्हणजे ह्याच्या उलट घडतें. छातीस कान लावला असतां जे दोन ठोके ऐकूं येतात, ते ह्या झडपा मिटण्याचे होत. असें दिवसांतून सुमारें १,००,००० वेळां घडतें. रक्त एकाच दिशेनें फिरतें, हें इंग्लंडांतील वैद्य विल्यम हार्वे ह्यानें इ. स. १६२८ मध्यें दाखविलें, तें ह्याच झडपांच्या आधारें.

आतां आम्हांस जें मुख्यतः सांगावयाचें तें हें. ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा घसा कधीं कधीं एका विशिष्ट जंतूमुळें दुखतो. घसा बरा होतो. परंतु दोन-तीन आठवड्यांनीं कित्येकांस ताप येतो व सांधे सुजतात. आज गुडघा, तर उद्यां घोटा. घरचीं माणसें वाताचें दुखणें समजून तेल चोळतात. सांधे मोकळे होतात, पण झडपा जाड होऊन आखडतात. पुढें तरुणपणीं थोड्या श्रमानें धाप लागते, आणि स्त्रियांस बाळंतपण जिवावर बेततें.

म्हणून घसा दुखून ताप आला असतां मुलास डॉक्टरांकडे न्यावें, व दिलेलें औषध पुरें होईपर्यंत द्यावें. ज्यास सांध्यांचा असा ताप एकदां येऊन गेला, त्यास दर तीन-चार आठवड्यांनीं पेनिसिलीनची सुई कित्येक वर्षें घ्यावी लागते. मूल धडधाकट दिसतें म्हणून ती चुकवूं नये. बिघडलेल्या झडपेच्या जागीं कृत्रिम झडप बसवितां येते. आपल्या देशांत तयार झालेली अशी झडप तिरुवनंतपुरम येथें १९९० सालीं प्रथम बसविली गेली. तथापि ती शस्त्रक्रिया मोठी व खर्चाची आहे. वेळेवर घेतलेली सुई स्वस्त आहे. गांवोगांवच्या शिक्षकांनीं हें आईबापांस समजावून सांगावें, अशी आमची विनंती आहे.