रिपोर्ट नॉर्मल आला, तरी गोळी चालूच



साकोली तालुक्यातील एका गोंड वस्तीवरची ताई उन्हाळ्यात माझ्याकडे थायरॉईडचा रिपोर्ट घेऊन आली. टीएसएच २.८. मी आनंदाने म्हटले, "ताई, नॉर्मल आला!" तिने गोळी बंद केली. रोवणीच्या दिवसांत ती बांधावरच बसून राहू लागली. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला. पुन्हा तपासले, तर टीएसएच ३८. ती म्हणाली, "तुम्हीच तं नॉर्मल म्हटलं, मंग गोळी कायले?" चूक तिची नव्हती, माझे अर्धवट सांगणे नडले. म्हणून हा धडा.

आकडा कसा वाचावा? थायरॉईड ही गळ्यातील ग्रंथी. तिला "काम कर" असा निरोप मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी पाठवते. तो निरोप म्हणजे टीएसएच. थायरॉईड मंदावली की निरोप वाढतो. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे बहुधा हार्मोन कमी. गोळी घेणाऱ्याचा टीएसएच फार खाली गेला, तर बहुधा डोस जास्त होतो आहे. मोठ्या माणसांत साधारण ०.४ ते ४ ही मर्यादा धरतात. गरोदरपणात ती वेगळी असते. गोळी चालू असताना आकडा नॉर्मल येतो तो बहुधा गोळीमुळेच.

डोस कधी बदलावा? डॉक्टर सांगतील तेव्हाच. नव्या डोसचा पूर्ण परिणाम दिसायला वेळ लागतो, म्हणून ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात. थकवा वाटतो म्हणून स्वतःहून दोन गोळ्या घेऊ नयेत. जास्त डोसने छाती धडधडते, हाडे ठिसूळ होतात.

गोळी कशी घ्यावी? सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. लोहाची व कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने. आयोडीनचे मीठ जरूर वापरावे, पण ते या गोळीची जागा घेत नाही.

दिवस गेल्याचे कळताच गोळी न थांबवता लगेच डॉक्टरांना भेटावे. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर अवलंबून असते आणि डोस बहुधा वाढवावा लागतो.

ताईने गोळी पुन्हा सुरू केली. सात आठवड्यांनी टीएसएच ५ वर आला. या वेळी मी एवढेच म्हटले, "गोळी काम करते आहे. थांबवू नका, हा कागद डॉक्टरांना दाखवा." घरभेटीला जाल तेव्हा तुम्हीही हे पूर्ण वाक्य सांगा.