गंगाराम तांबट व गेंड्याचे चित्र

पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना होता. तेथे पाळलेल्या गेंड्याचे चित्र गंगाराम चिंतामण तांबट यांनी नोव्हेंबर १७९० मध्ये काढले. ते आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे.

गंगाराम हे तांबट जातीतील. पुणे दरबारातील इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने त्यांचे कसब ओळखून त्यांच्याकडून चित्रे काढविली. पुढे १७९२ मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला. शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली व गंगाराम तेथे त्याच्या हाताखाली तयार झाले. वेरूळच्या लेण्यांची चित्रेही त्यांनी काढली. परंतु ऑक्टोबर १७९५ मध्ये पेशवे वारले, नोव्हेंबरात वेल्सही गेला, आणि चित्रशाळेचा आधारच तुटला.

या गेंड्याच्या चित्राचे मोल कळण्यास दुसरे एक चित्र आठवावे लागते. गुजरातच्या सुलतानाकडून आलेला एक गेंडा पोर्तुगीजांनी १५१५ मध्ये गोव्याहून लिस्बनला पाठविला. जर्मन चित्रकार ड्यूरर याने तो कधीच पाहिला नाही. कोणाच्या पत्रातील वर्णन व एक कच्चे रेखाटन एवढ्यावरच त्याने चित्र कोरविले. कातडीच्या वळ्यांचे त्याने चिलखत केले आणि पाठीवर एक लहानसे शिंग जास्तीचे बसविले! स्वित्झर्लंडमधील झुरिकचा पंडित गेस्नर याने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात तेच चित्र घेतले, आणि सुमारे अडीचशे वर्षे युरोप त्या शिंगासह गेंडा पाहत राहिला. ड्यूररचा हात गंगारामांपेक्षा निःसंशय थोर. तथापि गेंडा समोर होता तो गंगारामांच्या.

आपल्या शाळांतून चित्रकलेच्या तासास फळ्यावर बैल काढला जातो व चाळीस मुले तो उतरवून घेतात. मास्तरांचा पाय चुकला की चाळीस पाय चुकतात. सातारा व सांगली या जिल्ह्यांत तर पुसेगाव आणि खरसुंडी येथे खिलार जनावरांच्या यात्रा भरतात. ज्या मुलाच्या दावणीस खिलारी बैल आहे, त्यास फळ्यावरचा बैल कशास हवा?

इयत्ता चौथीच्या वर्गास शाळेजवळच्या गोठ्यावर न्यावे. पहिल्या दिवशी पाटीपेन्सिल नेऊ नये, केवळ विचारावे. शिंगे कोठून मागे वळतात व कोठून वर जातात? वशिंड पुढच्या पायांच्या नेमके वर आहे की मागे? गळ्याखालची पोळी कोठपर्यंत लोंबते? बसलेला बैल उठताना प्रथम मागचे पाय उचलतो, घोडा पुढचे. हे मुलांनी स्वतः पाहून सांगावे, शिक्षकांनी आधी सांगू नये. दुसऱ्या दिवशी तेथेच बसून चित्र काढू द्यावे. रेघ वाकडी आली तर हरकत नाही, ती पुसून शिक्षकांनी आपली रेघ ओढू नये. एखाद्या मुलाने वेसण काढली नसेल, तर त्यास पुन्हा बैलाकडे पाठवावे.