रन म्हणजे फक्त धावणे नव्हे

'रन' या शब्दाचा अर्थ विचारला की दुसरीतलं मूलही पटकन 'धावणे' असं सांगतं. अडचण येते ती चौथी-पाचवीत, उतारा वाचताना. माझ्या वर्गात एका मुलाने 'माय नोज इज रनिंग' चा अर्थ 'माझे नाक धावत आहे' असा सांगितला. सगळा वर्ग हसला आणि तो मुलगा पुढे बरेच दिवस इंग्रजीच्या तासाला तोंड उघडेना. खरं तर त्याने वहीतला अर्थ इमानदारीने लावला होता.

ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात या एका क्रियापदाचे सहाशेहून जास्त अर्थ दिलेले आहेत. घाबरू नका, ते इंग्रज लोकही पाठ करत नाहीत!

इथे आपली मराठीच कामाला येते. 'चालणे' हे क्रियापद घ्या. घड्याळ चालतं, पेन चालत नाही, 'उद्या आलो तर चालेल का?' असंही आपण विचारतो. यात पाय कुणालाच नाहीत, तरी एकही मूल गोंधळत नाही. गंमत अशी की, मराठीत जे चालतं ते इंग्रजीत बऱ्याचदा धावतं. 'शी रन्स अ शॉप' म्हणजे ती दुकान चालवते. 'द पंप रन्स ऑन डिझेल' म्हणजे पंप डिझेलवर चालतो. 'द प्ले रॅन फॉर टू मंथ्स' म्हणजे नाटक दोन महिने चाललं. अशी दोन-तीन वाक्यं फळ्यावर लिहिली की पुढची मुलं स्वतःच सांगतात. निवडणुकीत मात्र उलटं आहे. अमेरिकेतला उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमधला 'स्टँड' करतो, आणि आपलाही उभाच राहतो.

अर्थात ही युक्ती सगळीकडे लागू पडत नाही. पातळ पदार्थ आला की रन म्हणजे वाहणे. नदी वाहते, तसं सर्दीत नाक वाहतं. 'द कलर रॅन' म्हणजे धुताना कपड्याचा रंग गेला. तिथेही रंग पाण्याबरोबर वाहिलाच की. म्हणून मुलांना आधी कर्ता शोधायला सांगावं. धावतंय कोण? माणूस, पाणी, की यंत्र?

सगळ्यात जास्त घोटाळा 'रन आउट' मध्ये होतो, कारण क्रिकेटमुळे हा शब्द मुलांना आधीच माहीत असतो. 'वी रॅन आउट ऑफ शुगर' वाचून मुलं साखरेला बाद करतात! इथे 'ऑफ' कडे बोट दाखवावं. 'रन आउट ऑफ' म्हणजे एखादी वस्तू जवळची संपणे. 'रन इनटू' म्हणजे अचानक गाठ पडणे किंवा जाऊन धडकणे, 'रन ओव्हर' म्हणजे गाडीखाली चिरडणे. हे शब्द सुटे करून शिकवू नयेत, अख्खेच द्यावेत.

पालकांनाही हे घरी सहज जमेल. नळ चालू राहिला तर 'द टॅप इज रनिंग' म्हणा. गॅस संपला तर 'वी हॅव रन आउट ऑफ गॅस'. आणि वहीत 'रन = धावणे' या ओळीखाली थोडी जागा मोकळी ठेवायला सांगा. नवा अर्थ भेटेल तेव्हा मूल तिथे त्याचं पूर्ण वाक्य लिहील.