कापसाच्या खोलींतील छताचा दिवा

भाव मिळेपर्यंत कापूस घरांतच छतापर्यंत भरून ठेवण्याची चाल वऱ्हाड-खानदेशांत पुष्कळ ठिकाणीं आहे. त्याच छताला विजेचा दिवा टांगलेला असतो. त्यापासून आग कशी लागते व ती कशी टाळावी, याचा थोडक्यांत विचार आम्ही येथें करीत आहों.

पहिलें कारण कोंडलेली उष्णता. तारेच्या जुन्या बल्बांत सुमारें नऊ दशांश वीज उष्णतेंत जाते. प्रकाश थोडाच मिळतो. मोकळ्या हवेंत ही उष्णता निघून जाते. परंतु बल्ब कापसांत दडला तर ती सांचते, आणि कापूस ज्वालेवांचून आंतल्या आंत धुमसूं लागतो. बंद हंडीचीही हीच गोष्ट. तिच्यावर लिहिलेल्या वॅटपेक्षां मोठा बल्ब तींत लावूं नये. एलईडी दिवा सुमारें ९ वॅटांत ६० वॅटच्या बल्बाइतका उजेड देतो. म्हणून तो बरा. तथापि त्याचें बूड तापतेंच. त्यालाही हवा हवी.

दुसरें कारण सैल जोड. होल्डरचा स्क्रू ढिला झाला, उंदरांनीं तार कुरतडली, अगर पाणी झिरपून जोड गंजला, म्हणजे तेथें अडथळा वाढून तेवढाच भाग तापतो. येथें एमसीबीवर विसंबूं नये. प्रवाह मर्यादेबाहेर गेला तरच तिचा खटका पडतो. सैल जोडानें प्रवाह वाढत नाहीं. दिवा लुकलुकणें, होल्डर काळवंडणें, जळका वास येणें, ह्याच खऱ्या सूचना होत.

यास्तव वेंचणीपूर्वींच मेन स्विच बंद करून वायरमनकडून होल्डर व जोड तपासून घ्यावे. साठवणीच्या खोलींत छताचा दिवा काढून दाराजवळ भिंतीवर कांच व जाळी असलेला दिवा बसवावा. बटण खोलीबाहेर ठेवावें. दिव्याभोंवतीं दोन हात जागा मोकळी सोडावी. जड दिवा तारेवर न लोंबतां आंकड्यास टांगावा.

आग लागलीच तर आधीं मेन स्विच बंद करावा, माणसें बाहेर काढावीं व १०१ अगर ११२ वर कळवावें. वीज चालू असतां पाणी मारूं नये. विझलेला दिसणारा कापूसही आंत धुमसत असतो; तो घराबाहेर नेऊन पसरावा व पुरता भिजवावा. वर्षाचें पीक व राहतें घर एकाच छताखालीं असतां एवढी दक्षता अधिक नव्हे.